वारणेची सीमा

पन्हाळगडाच्या उत्तरेस वारणेचें खोरें पसरलें आहे. ही नदी एके काळीं दोन राज्यांची सीमा होती, हें आज सांगितलें तर कित्येकांस नवल वाटेल. 1707 पासून चाललेल्या भाऊबंदकीचा शेवट करण्यासाठीं 1731 सालीं तह झाला. त्यानें वारणेच्या उत्तरेचा मुलूख साताऱ्याच्या शाहूमहाराजांकडे व दक्षिणेचा करवीरच्या संभाजीमहाराजांकडे राहिला. दोघेही शिवछत्रपतींचे नातू. दोघांची भाषा एक आणि दावाही एकाच वारशावर. आपला हक्क खरा, अशीच दोघांचीही खात्री होती.

तेव्हां भूमीवरील हक्क ठरवावयाचा कशावरून? इतिहासावरून, असें उत्तर आपण चटकन् देतों. परंतु हाच प्रश्न पन्हाळ्यास विचारून पाहावा. शिलाहार भोजाचा हा गड यादवांकडे, पुढें बहामनींकडे व आदिलशाहीकडे गेला. शिवाजीमहाराजांनीं तो 1659 सालीं जिंकला, 1660 सालीं त्यांस तो सोडावा लागला, 1673 सालीं तो पुन्हां स्वराज्यांत आला. 1701 सालीं औरंगजेबानें घेतला. यांपैकीं ज्यास जें साल सोयीचें, तेथें तो इतिहास थांबवितो आणि त्यालाच न्याय म्हणतो.

मग इतिहास व्यर्थच काय? आमच्या मतें नाहीं. तो आपलें मूळ सांगतो. परंतु आज त्या भूमीवर नांदणाऱ्या माणसांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार त्यास नाहीं. बेळगांव-निपाणीचा वाद 1956 च्या राज्यपुनर्रचनेनें पेटला व 2004 सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेला. त्या वादांतही दोन्ही पक्ष जुन्या राजवंशांची साक्ष काढतात. खरा प्रश्न याहून साधा आहे: तेथील मुलास आपल्या भाषेंत शिकतां येतें काय, आणि तेथील म्हातारीस कचेरींतून आलेला कागद समजतो काय?

मात्र हा प्रश्न विचारणाऱ्यावर एक बंधन येऊन पडतें. बेळगांवच्या मराठी माणसासाठीं आपण जें मागतों, तें जत-अक्कलकोटकडील कानडी कुटुंबास नाकारतां येणार नाहीं. तेथें आपण कचरलों, तर आपली मागणी न्यायाची नव्हती, केवळ मुलखाची होती, हें आपणच सिद्ध केलें असें होईल.

सातारा 1848 सालीं खालसा झाला, करवीर 1949 सालीं विलीन झालें. वारणा आतां दोन जिल्ह्यांची हद्द तेवढी उरली आहे. राजांचे दावे लोपले. दोन्ही तीरांवर शेतें करणारीं माणसें मात्र तेथेंच आहेत. सीमा आंखतांना प्रथम त्यांस विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.