झडती

कपाशीवरून विमान गेलं की ती खुरपं थांबवून वर बघायची. शिरपूरच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात; त्यांची लहान विमानं शिवारावर घिरट्या घालतात. एके दिवशी मोबाइलवर संदेश आला : विमानतळावर महिला सुरक्षारक्षक हव्यात, परीक्षा नाही, गणवेश-प्रशिक्षणाचे साडेसहा हजार आजच भरा.

मायनं कापूस वेचणीचे पैसे डब्यातून काढले. मोजता मोजता हात थांबला. "पैसा देईसन नोकरी भेटस का वं माय?"

लेक रुसली. पण संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या ताईकडे गेली. ताई केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात, विमानतळावर. सुटीवर घरी आलेली.

"बाईमाणसाची झडती बाईच घेते, पडद्याआड. त्यामुळे बायका लागतात, हे खरंच आहे," ताई म्हणाली. "1999 ला विमान कंदाहारला पळवून नेलं, त्यानंतर विमानतळं आमच्या दलाकडे येत गेली. 2024 मध्ये तर हजारावर बायकांची वेगळी बटालियन मंजूर झाली. खोटं बोलणारा अशा खऱ्याच्या आडोशालाच बसतो."

"पण आजच भरा म्हणतात. जागा जातील ना."

"विमान सुटतंय, एवढी बॅग तपासू नका, असं कुणी घाई करत म्हणालं, तर तू माझ्या जागी काय करशील?"

"आधी तीच बॅग उघडेन."

"मग उघड की."

दोघींनी संदेश पुन्हा वाचला. कार्यालयाचा पत्ता नाही. खातं कुणा एका माणसाच्या नावावर. लेकीचा चेहरा उतरला.

ताईनं वहीचं पान फाडलं आणि खरी वाट लिहून दिली. कर्मचारी निवड आयोगाची कॉन्स्टेबल भरती. दहावी पास. पेपर मराठीतूनही देता येतो. मुलींना अर्जाची फी नाही. उंची 157 सेंटिमीटर, आदिवासी मुलींना 150. धावणं 1.6 किलोमीटर, साडेआठ मिनिटांत.

"इथे पैसा नाही, दम लागतो," ताई म्हणाली.

डब्यातल्या पैशांतून फक्त बूट आले. पहाटे मैलाच्या दगडापाशी माय मोबाइल धरून उभी राहते. आकडे तिला वाचता येतात. आज लेक धापा टाकत पोचली तेव्हा तिनं पडदा डोळ्यांजवळ नेला.

"नऊ मिनिटं, वीस सेकंद."

लेकीनं नाडी घट्ट बांधली आणि परत सुरुवातीच्या खुणेकडे चालू लागली.