कोकोचा डबा, कॉफीचं पाकीट

दिवाळीत भाचा हॉलंडहून आला तेव्हा त्यानं कॉफीची दोन पाकिटं आणली. आमच्याकडे चहा चालतो. कॉफी आली तर पाहुण्यांपुरती. पाकीट फोडायच्या आधी सवयीनं मी मागची बाजू वाचायला घेतली. पेरू देशातल्या काहामार्का भागातली कॉफी, लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून घेतलेली, सेंद्रिय, आणि कोपऱ्यात 'फेअरट्रेड'चं निळं-हिरवं चिन्ह. भाचा म्हणाला, "मामा, हे चिन्ह असलं की शेतकऱ्याला रास्त भाव मिळाला असं समजायचं." तो मनापासून बोलत होता. या चिन्हासाठी तो दर महिन्याला चार पैसे जास्त मोजतो, हेही त्यानं सांगितलं आणि मला त्याचं कौतुक वाटलं. पण मी राहतो वर्ध्यात, मगनवाडीपासून सायकलनं दहा मिनिटांवर. मला जो. कॉ. कुमारप्पांचा कोकोचा डबा आठवला.

कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनला हिशेबतपासणी शिकलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केलेले. 1934च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली वर्ध्याची बाग दिली आणि तिचं नाव मगनवाडी पडलं. कुमारप्पा त्या संघाचे मंत्री. इथे बसून त्यांनी जे लिहिलं त्यात कोकोच्या एका डब्याचा हिशेब आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सक्तीच्या मजुरीनं कोको पिकतो. आरमाराच्या धाकानं सुरक्षित ठेवलेल्या समुद्रातून तो विलायतेला जातो. तिथल्या कारखान्यात कामगार राबतात. मग सवलतीच्या जकातीवर तो पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानात येतो. डबा विकत घेणारा या प्रत्येक पायरीवर भागीदार होतो, असं कुमारप्पांचं म्हणणं. वस्तूची किंमत दिली की व्यवहार संपला, हे त्या हिशेबतपासनिसाला मान्य नव्हतं. ती वस्तू आपल्यापर्यंत कोणाच्या अंगावरून आली, हेही खरेदीदाराच्या खात्यावर पडतं.

हा विचार वर्ध्यातच का सुचावा, याचं उत्तर मला इथल्या काळ्या मातीत दिसतं. आमच्या जिल्ह्यानं दूरच्या बाजारासाठी पिकवणं फार लवकर पाहिलं. 1860च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्याकडच्या कापसाची गरज लागली. भाव चढले, युद्ध संपताच कोसळले. त्या काळी लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका प्रतीचं नाव होतं. कापसात भेसळ होऊ नये म्हणून मुंबई इलाख्यात 1863 साली कायदाही झाला. म्हणजे मालावर गावाचं नाव लावणं, त्या नावाची शुद्धता जपणं, हे सगळं आम्हाला दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक झालं. फक्त ती काळजी विकत घेणाऱ्यासाठी होती. पिकवणाऱ्याच्या घरात चूल पेटते का, हे त्या नावात कुठे लिहिलेलं नव्हतं.

तो प्रश्न कापसाच्या नव्हे, सुताच्या निमित्तानं पुढे आला. अखिल भारत चरखा संघ 1925 पासून खादीचं काम करत होता. खादी विकली जावी म्हणून ती स्वस्त ठेवायची, आणि स्वस्त ठेवायची म्हणून कातणाऱ्या बाईला दिवसाकाठी आणा-दीड आण्यावर भागवायला लावायचं, अशी घडी बसून गेली होती. कोणाच्या मनात पाप नव्हतं. पण वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा रोज आठ-आठ, नऊ-नऊ तास स्वतः कातून, त्या मजुरीत माणूस जगतो का, हे आपल्या देहावर ताडून पाहत होते. आणि जगत नाही, हे उघड दिसत होतं. गांधीजींना ही गोष्ट लागली. आपण गरिबांच्या नावानं गरिबांनाच पिळतो आहोत, हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. ऑक्टोबर 1935 मध्ये वर्ध्याला चरखा संघाच्या मंडळानं ठराव केला की कातणाऱ्याला आठ तासांच्या चांगल्या कामाची किमान मजुरी मिळालीच पाहिजे, आणि ती किती, हे त्याच्या गरजेवरून ठरवायचं: वर्षाला 20 वार कापड आणि शास्त्रीय मापानं पुरेसं अन्न.

या ठरावाशी मी पुन्हा पुन्हा येतो, कारण त्यानं हिशेबाची दिशाच फिरवली. तोवर हिशेब बाजारातून खाली येत होता. गिऱ्हाईक किती देईल, त्यातून दुकान, वाहतूक, विणकर वजा जाता बाईच्या हाती काय उरतं? आता तो चुलीपासून वर निघाला. बाईला भाकरी-डाळीला, तेलाला, लुगड्याला किती लागतं ते आधी, मग सुताचा दर, मग कापडाचा, आणि शेवटी गिऱ्हाइकापुढे किंमत. गांधीजींचं ध्येय दिवसाला आठ आण्यांचं होतं. प्रत्यक्षात मजल तीन आण्यांच्या आसपासच गेली. खादी महागली. खप घटला तर घटू दे, पण भुकेल्या बाईचं सूत अंगावर नको, अशी त्यांची तयारी होती. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घट्ट झाली, तिच्याकडे आज कोणाचं फारसं लक्ष जात नाही. ठरलेली मजुरी देणाऱ्यालाच चरखा संघाचं प्रमाणपत्र. 'प्रमाणित खादी' या दोन शब्दांचा अर्थ तोच होता. हातानं कातलेलं असूनही मजुरी कमी दिली असेल तर ती खादी अप्रमाणित.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पाकिटाकडे पाहत राहिला. कारण त्याच्या हॉलंडमध्ये कॉफीवर रास्त भावाचं पहिलं चिन्ह आलं ते 1988 साली.

तिकडची वाट वेगळी होती. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात फ्रान्स व्हान डर हॉफ नावाचा डच धर्मगुरू डोंगरातल्या कॉफी उत्पादकांबरोबर राहत होता. 1983 साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आम्हाला मदत नको, कॉफीचा नीट भाव द्या, ही त्या शेतकऱ्यांची मागणी. सॉलिडॅरिडाड संस्थेच्या निको रोझेनबरोबर मिळून त्यानं नेहमीच्या दुकानात नेहमीच्या कॉफीशेजारी ठेवता येईल असं पाकीट काढलं. नाव दिलं 'मॅक्स हॅवेलार', म्हणजे जावा बेटावर डच राजवटीखाली कॉफीसाठी होणाऱ्या पिळवणुकीवर 1860 साली निघालेल्या कादंबरीच्या नायकाचं. पुढच्याच वर्षी कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला, देशादेशांचे कोटे गेले आणि भाव निम्म्यावर आले. 2001 मध्ये तर न्यूयॉर्कला पौंडाला 45 सेंटच्याही खाली. पेरू, बोलिव्हिया, कोलंबियातल्या दोन-तीन हेक्टरांच्या शेतकऱ्याला त्या वेळी किमान भावाची हमी हाच आधार होता. बाजार कितीही पडला तरी त्याखाली जायचं नाही, बाजार वर गेला तर बाजारभाव, शिवाय पौंडामागे काही सेंट संस्थेच्या सामाईक कामासाठी आणि सेंद्रिय असेल तर त्यावर वेगळी भर. 2023 पासून अरेबिकाचा हा किमान भाव 1 डॉलर 80 सेंट आहे.

कॉफी आणि कापूस ही सख्खी भावंडं वाटावीत इतकी त्यांची तऱ्हा सारखी. दोन्ही हातानं वेचायची, पिकेल तसतशी, फेरी-फेरीनं. दोन्हींचे वायदे न्यूयॉर्कच्या एकाच बाजारात होतात. 2025च्या सुरुवातीला कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, तेव्हा किमान भाव निरुपयोगी झाला. अशा वेळी दारात रोख पैसे घेऊन येणारा व्यापारी सभासदाला सहकारी संस्थेपेक्षा जवळचा वाटतो. त्या व्यापाऱ्याला तिकडे 'कोयोते' म्हणतात, रानकुत्रा. आमच्याकडे अशा व्यवहाराला खेडा खरेदी म्हणतात. व्यापारी वजनात मारतो, कटती लावतो, तरी शेतकरी देतो, कारण चुकारा त्याच दिवशी हातात पडतो आणि दुकानदाराची उधारी वाट पाहत असते.

सेंद्रियचा धागा निराळा, आणि तोही आमच्याच पऱ्हाटीत गुंतलेला आहे. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदूरला कापसावर काम करत होते. शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांचं, काडीकचऱ्याचं, शेणामुताचं खत करण्याची त्यांची रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. 1931च्या पुस्तकावर त्यांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हा माणूस आपण मराठी लोकांनीही विसरावा याचं मला वाईट वाटतं. 1935 मध्ये गांधीजींनी इंदूरचं ते काम पाहिलं आणि 'हरिजन'मधून लोकांपर्यंत नेलं. किमान मजुरीचा ठराव आणि खताचा हा ढीग एकाच वर्षातले. मातीला परत द्यायचं आणि माणसाला पुरेसं द्यायचं, हे तेव्हा दोन चळवळींचे दोन विषय नव्हते. कुमारप्पांनी पुढे कायमस्वरूपी अर्थव्यवस्थेबद्दल तुरुंगात लिहिलं, तेव्हाही ते एकच होतं.

नंतर हे दोन विषय दुरावले. स्वातंत्र्यानंतर रास्त भाव हा सरकारचा विषय झाला. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी आली. 1980 मध्ये चाकणच्या कांद्यापासून शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून उत्पादन खर्चावर आधारलेल्या भावाची मागणी केली, आणि विदर्भात कापूसवाल्यांनी ती उचलून धरली. जोशींची भाषा हक्काची होती. शेतकऱ्याचा भाव शहरातल्या किंवा परदेशातल्या कोणाच्या भलेपणावर का टांगून ठेवायचा, हा त्यातून निघणारा प्रश्न मला आजही कॉफीच्या पाकिटाला विचारावासा वाटतो. भाचा चांगला आहे म्हणून काहामार्कातल्या एका घराचं बरं चाललंय. उद्या त्याची नोकरी गेली तर?

2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत तो शिवारभर झाला. 2006 मध्ये केंद्रानं आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन 20च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. सेंद्रिय हा शब्द शहरात खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी वापरतात. त्या वर्षी आम्हाला तो पाठीवर पंप घेतलेल्या माणसासाठी कळला. याच काळात कापसावरही फेअरट्रेडचं चिन्ह आलं, साधारण 2005 मध्ये, आणि त्याच सॉलिडॅरिडाडच्या मदतीनं विदर्भ, तेलंगण, ओडिशात सेंद्रिय कापसाचे गट बांधले गेले. वर्ध्यात मगन संग्रहालय, ग्राम सेवा मंडळ, धरामित्र, चेतना विकास या संस्थांनी आपापल्या परीनं ही वाट धरून ठेवली. मी त्यांच्याकडे आदरानं पाहतो. बिगर-बीटी बियाणं मिळवण्यापासून त्यांची झुंज सुरू होते. शेजारच्या शिवारातून परागकण येतात, जिनिंगमध्ये रुई वेगळी ठेवावी लागते, प्रमाणपत्राच्या कागदासाठी तीन वर्षं कळ काढावी लागते आणि त्या तीन वर्षांत उतारा घटलेला असतो, भाव मात्र सगळ्यांचाच.

मागच्या कार्तिकात मी सेलू तालुक्यात एका सेंद्रिय शेतकऱ्याच्या वावरात गेलो होतो. पाच एकर, त्यात तुरीची ओळ. त्यानं वहीत खर्च मांडून दाखवला: बियाणं, शेणखताच्या गाड्या, दोन डवरण्या, निंदणाच्या मजुऱ्या, निंबोळी अर्क, आणि शेवटी वेचणी. बाया सकाळी नवाला आल्या. दव उतरल्याशिवाय वेचत नाहीत, ओला कापूस पिवळा पडतो. कमरेला लुगड्याची ओटी बांधलेली, दोन्ही हात चालू, बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या नखाखाली बोचतात म्हणून एकीनं बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. कवडी निराळी, चांगला कापूस निराळा. दुपारी बांधावर काटा लागला. किलोला दहा रुपये. पन्नाशीची एक काकू, तिचा बत्तीस किलो भरला. ती म्हणाली, "आता झाड हलकं झालं ना भाऊ. पैल्या वेचणीले चाळीसच्या वर जाते."

मी शेतकऱ्याला विचारलं, तुझ्या प्रमाणपत्रात ह्या बायांचं काही आहे का? त्यानं वही चाळली. मजुरी कायद्याप्रमाणे द्यावी, लहान मुलं कामाला नकोत, एवढं होतं. त्याला जो जादा भाव मिळणार होता त्यातला वाटा वेचणीत कसा उतरावा, याची ओळ नव्हती. तो वाईट माणूस नाही. त्याचा स्वतःचाच हिशेब जेमतेम जुळत होता. पेरूतही काढणीच्या दिवसांत डोंगर उतरून मजूर येतात, डब्याच्या मापानं पैसे घेतात आणि निघून जातात. पाकिटाच्या मागच्या मजकुरात लहान शेतकरी असतो, त्याचं हसरं छायाचित्रही असतं, वेचणारी बाई नसते.

1935च्या ठरावात ती होती. म्हणजे कातणारी होती, साखळीतली सगळ्यात खालची, जिच्याकडे ना जमीन ना चरख्याखेरीज दुसरं काही. सुरुवात तिच्यापासून झाली होती. नंतर आपण वर वर सरकत शेताच्या मालकापर्यंत आलो आणि तिथे थांबलो. तेही थोडं नाही, दोन एकरवाला मालकही शेवटी कर्जातच असतो. पण भाच्याचं पाकीट हातात धरून मला सारखं वाटत होतं की हिशेब अजून एक पायरी खाली जायचा राहिला आहे.

त्या संध्याकाळी काकूच्या हातात तीनशे वीस रुपये पडले. ओटी सोडून, झटकून तिनं घडी केली, अंगाला चिकटलेले धागे एक एक करून काढले आणि ते बांधावरच्या ढिगावर ठेवले. मालकाचा माल आहे, म्हणाली, फुकट जाऊ नये.