दिवा लागला नाही म्हणून

प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एक खण असा असतो, की ज्यात सुतळीचा गुंडा, गंजलेले खिळे, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली आणि टेस्टर गुण्यागोविंदाने नांदत असतात. आमच्याकडे टेस्टरने मुख्यतः डब्यांची झाकणे उचकटली जातात. त्याच्या पोटातला निऑन वायू रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या दोघांनी १८९८ साली लंडनमध्ये शोधून काढला, तो आमच्या लाडवांपर्यंत असा पोचला!

वास्तविक हा टेस्टर म्हणजे मोठा तत्त्वज्ञ. टोक २३० व्होल्टच्या तारेला आणि आपले बोट मागच्या टोपीला, असा त्याचा बेत. मधल्या भल्यामोठ्या रेझिस्टरमुळे एका मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह आपल्या अंगातून जातो, तेव्हा कुठे तो इवलासा दिवा लागतो. बोट काढा, दिवा गेला. शेजाऱ्यांच्या भांडणात खरे कोण, हे गॅलरीत उभे राहून ठरवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

पण खरी मेख पुढेच आहे. दिवा लागला तर सावध व्हावे, हे कुणालाही कळते. नाही लागला तर? वीज नाही म्हणता? छे! दिवाच गेलेला असेल. बोट टोपीवर नसेल. आपण रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर चढलो असू. नाहीतर भर उन्हात तो मिणमिणता लाल डोळा दिसलाच नसेल. म्हणून जाणता वायरमन आधी दुसऱ्या खोलीतल्या चालू प्लगात टेस्टर लावून बघतो, मग कामाच्या तारेला लावतो आणि पुन्हा त्या चालू प्लगात. आधी साक्षीदाराची परीक्षा, मग साक्ष, मग परत साक्षीदार! आणि इतके करूनही तो जीव एकट्या टेस्टरच्या हवाली करत नाही.

"अहो, बटण मी स्वतः बंद केलंय. माझ्यावर विश्वास नाही का?" असे आमच्या घरातून विचारले जाते. प्रश्न बिकट आहे. पडताळून पाहणे म्हणजे अविश्वास का? मला तसे वाटत नाही. वायरिंग करताना कुणी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले असेल, तर बटण बंद, बल्ब बंद, आणि होल्डरात मात्र वीज हजर! सगळे खरे बोलत असूनही माणूस मरतो तो असा. मी तपासतो ती तार. बायकोचा शब्द नव्हे.

हीच दक्षता माणसांच्या बाबतीत मात्र आपण घेत नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीतले आजोबा हल्ली काही मागत नाहीत, कुरकुरत नाहीत. आपण खुशाल म्हणतो, "मजेत आहेत हो!" दिवा लागत नाही ना, मग झाले! पण त्यांच्याशेजारी घटकाभर बसून कुणी विचारले होते का? म्हणजे, टोपीवर बोट होते का?