एकोणचाळीस मिनिटांचे भांडण

पनवेलजवळच्या कोन गावात उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. त्यांतल्या 2,417 घरांची सोडत 2016 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी निघाली. गिरणीच्या भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे, अशी ही जमात. तिच्या आधीच्या एका पिढीने मात्र थेट घड्याळाशीच भांडण काढले होते.

1 जानेवारी 1906 पासून ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ हिंदुस्थानभर लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती. म्हणजे शहराचे काटे एका रात्रीत 39 मिनिटे पुढे ढकलायचे. भोंगा नव्या वेळेने वाजणार, तर पहाटेच्या पाळीला तेवढेच आधी अंथरूण सोडावे लागणार. त्याच महिन्यात काही गिरण्यांच्या कामगारांनी काम नाकारले, दगडफेकही झाली. महापालिकेने तर जुनी ‘मुंबई वेळ’ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही.

खरी वेळ कोणती, सूर्याची की सरकारची, असा तो वाद होता. गंमत अशी, की आइन्स्टाइनचा सापेक्षतेवरचा पहिला निबंध त्याच्या काही महिनेच आधी, 1905 मध्ये, छापून आला होता. त्या निबंधातून पुढे वाढलेल्या विचाराने पाहिले, तर या दोन्ही वेळा एकाच जातीच्या ठरतात. दोन्ही म्हणजे घटनांना लावलेली लेबले. भौतिकशास्त्रात अशा वेळेला निर्देशक काळ म्हणता येईल. ही लेबले कशी लावायची हे माणसे ठरवतात.

दुसरा काळ निराळा. तो घड्याळ स्वतःबरोबर वाहून नेते. त्याला स्वकाल म्हणू. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड आणि गाडीतला मीटर यांत जो फरक, तोच इथे. दगडांवरचे आकडे उद्या कुणी बदलले तरी गाडीचे चाक जेवढे फिरले तेवढेच फिरले.

जुन्या लग्नमंडपात हे दोन्ही काळ शेजारी शेजारी बसत. पंचांगातला मुहूर्त हा निर्देशक: सगळ्या गावाने मानलेला. आणि पाण्यावर तरंगणारे, बुडाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र स्वकाल मोजत असे. ते भरून बुडाले की घटका, म्हणजे 24 मिनिटे, संपली.

मंडपात दोघांचा मेळ सहज बसे, कारण सगळे एकाच ठिकाणी असत. घड्याळे वेगवेगळ्या उंचीवर असली, की मात्र तो बसत नाही. आइन्स्टाइनचीच पुढची व्यापक सापेक्षता सांगते, की गुरुत्वाकर्षणाच्या खोलात असलेले घड्याळ वरच्या घड्याळापेक्षा मागे पडते. कोनहून माथेरानचा डोंगर फार लांब नाही. तो समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच आहे. हिशोब केला तर माथेरानचे घड्याळ खाडीकाठच्या घड्याळापेक्षा दिवसाला साधारण साडेसात नॅनोसेकंद जास्त मोजेल, वर्षाला पावणेतीन मायक्रोसेकंदांच्या आसपास. यात कुणाचेही घड्याळ बिघडलेले नाही. माथेरानच्या माणसाला आपली नाडी जलद झाल्यासारखी वाटणार नाही. दोन्ही घड्याळे एकमेकांशी ताडली तरच फरक कळेल. टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्यात सुमारे 450 मीटर अंतराने वर-खाली ठेवलेल्या अतिसूक्ष्म घड्याळांनी असा फरक मोजून दाखवला. ते निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

निर्देशक काळावर फार विश्वास टाकला, की फसगत होते. कृष्णविवराकडे पडणारी वस्तू त्याच्या सीमेपाशी पोचायला, दूरवरच्या निरीक्षकाच्या निर्देशक काळाने, अनंत वेळ घेते. ती वस्तू स्वतः मात्र थोड्याच स्वकालात सीमा ओलांडते. ते अनंतपण निर्देशकांच्या निवडीतून आले आहे, हे नीट उलगडायला आइन्स्टाइनच्या समीकरणांना श्वार्झशिल्डने 1916 मध्ये दिलेल्या उत्तरानंतर काही दशके गेली.

आज या दोन काळांचा ताळमेळ कोन फाट्यावर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या फोनमध्येही चालू असतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचावर फिरतात. उंचीमुळे त्यांचे घड्याळ दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे जाते, वेगामुळे 7 मागे पडते. शिल्लक 38 पुढे. प्रकाश तेवढ्यात 11 किलोमीटर जातो. म्हणजे रोज इतकी चूक उपग्रहाच्या अंतरात साचत जाईल. म्हणून उड्डाणाआधीच घड्याळ मुद्दाम किंचित हळू लावतात: 10.23 मेगाहर्ट्झऐवजी 10.22999999543. वर गेल्यावर ते आपला स्वकाल बाजूला ठेवून जमिनीवरच्या सर्वमान्य काळाशी जुळते.

उपग्रहाने ही तडजोड तक्रार न करता स्वीकारली, कारण त्याला अंथरूण नाही. 1906 च्या कामगाराला होते. यंत्रासमोर त्याचे जितके तास जात, तितकेच नव्या घड्याळानेही जाणार होते. त्या तासांना कोणते आकडे लावायचे, हे मात्र त्याला न विचारता ठरले होते.