शेवटच्या आमेनपर्यंत

पुण्यात वेगवेगळ्या प्रांतांतल्या ख्रिस्ती तरुणांचा मेळावा असला, की त्यात एक क्षण बहुधा येतोच. उपासना संपत आलेली असते. प्रभूची प्रार्थना म्हणायची वेळ होते आणि पाळक सांगतात, "प्रत्येकानं आपापल्या मायबोलीत म्हणा." मग मराठी, मल्याळम, तमिळ, कोकणी, मिझो, हिंदी, इंग्रजी अशा सगळ्या भाषा एकदम सुरू होतात. पहिल्या एक-दोन ओळी नुसता गलका वाटतो. पण प्रार्थना सगळ्यांची एकच, लहानपणापासून पाठ झालेली. कान लवकर सरावतो. शेवटाला मात्र एक गंमत होते. कुणाची भाषा आटोपशीर, कुणाची ऐसपैस. कुणी भरभर म्हणतं, कुणी एकेक शब्द सुटा करून. त्यामुळे कुणाचं आमेन आधी येतं, कुणाचं मागून. ज्याचं आधी आटोपलं तो डोळे उघडत नाही. खिशातला मोबाइल काढत नाही. मान खाली घालून तसाच उभा राहतो. मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलीची प्रार्थना अजून चाललेली असते. तिचं आमेन होतं, मग सगळे खाली बसतात. थांबायला कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. पाच-सात सेकंदांत हे सगळं होऊनही जातं. भाषणं, गाणी, खेळ, चर्चा यांनी गच्च भरलेल्या त्या दोन-तीन दिवसांत मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते हेच पाच-सात सेकंद. दुसऱ्याचं पुरतं होईपर्यंत थांबायचं, हा धडा तिथे कुणी न शिकवता मुलं शिकतात.

अशा मेळाव्याला पुण्यासारखं सोयीचं गाव क्वचितच असेल. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून इथे आली. औंधचं स्पायसर कॉलेज, म्हणजे आताचं स्पायसर विद्यापीठ, १९४२ पासून पुण्याचंच झालं आहे. केरळपासून नागालँडपर्यंतची मुलं या संस्थांमध्ये शिकतात. शिवाय इतर कॉलेजांतली, आयटीतली, दवाखान्यांत नर्सिंग करणारी मुलं-मुली वेगळीच. पण एरवी जो तो आपल्या भाषेच्या मंडळीत, आपल्या भाषेच्या उपासनेला जातो. मेळाव्यातही पहिल्या दिवशी आपापले घोळकेच दिसतात. मग गट पाडले जातात आणि घोळके मोडतात. अशाच एका गटात घडलेली गोष्ट सांगते. नागालँडचा एक मुलगा हिंदीत बोलता बोलता शब्दासाठी अडला. शेजारी बसलेल्या पुण्याच्या मुलानं चटकन वाक्य पुरं करून दिलं, "घरची आठवण येते, हो ना?" त्यानं मान हलवली आणि तो गप्प बसला. मदत अगदी मनापासूनची होती, पण बोलणं तिथेच मिटलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच अडला. या खेपेला कुणी काही बोललं नाही. गट थांबून राहिला. थोड्या वेळानं त्याला शब्द सापडले. "तीन वर्षं झाली मी पुण्यात आहे," तो म्हणाला, "पण अजून इथल्या कुणाच्या घरी गेलेलो नाही." त्याला काल हेच सांगायचं होतं. घरच्या आठवणीपेक्षा ही गोष्ट फार वेगळी होती. तिच्यावर उपायही होता, आणि तो त्या गटातल्या कुणाच्याही हातात होता. पुढच्या रविवारी तो पुण्याच्या त्या मुलाच्या घरी जेवायला गेला. भाकरीबरोबर ठेचा वाढताना आई दोनदा म्हणाली, "जपून हं, तिखट आहे." नागा माणसाला मिरचीचं कौतुक ते काय! त्यानं तो मागून घेऊन खाल्ला.

समोरच्याचं पुरं होऊ द्यायची ही रीत आपल्या भागात जुनी आहे. पुण्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली त्यांनी तिथे आणल्या. एका छपराखाली मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या मुली वाढू लागल्या. १९०५ मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. बाहेरच्या काही जणांना हा गोंगाट रुचला नाही, पण रमाबाईंनी मुलींना अडवलं नाही. ज्या मुलींना बोलायची सोयच कधी मिळाली नव्हती, त्यांचं पुरतं बोलून होऊ दिलं. पुढे त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण भाषांतराला त्यांनी साधी मराठी निवडली. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईलाही ते वाचता यावं, हा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या या कामाला लागलेल्या होत्या, आणि ते बायबल मुक्तीतल्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापलं गेलं. सगळ्यात मागे असलेल्या वाचकापाशी आपलं पांडित्य थांबवायचं, असं ते काम होतं. दुसऱ्यासाठी असं थांबणं जगातही वेळोवेळी घडत आलं आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात अॅमस्टरडॅमला जगभरचे ख्रिस्ती तरुण परिषदेला जमले आणि छोट्या छोट्या गटांत बसून बायबल वाचू लागले. महिनाभरानं दुसरं महायुद्ध पेटलं. तरीही १९४७ मध्ये ऑस्लोला आणि १९५२ मध्ये आपल्या केरळात कोट्टायमला तशाच परिषदा पुन्हा भरल्या. युद्धानं अर्ध्यावर तोडलेलं बोलणं पुढे न्यायचं, तर कुणीतरी आधी ऐकायला बसावं लागतं. ते काम या तरुणांनी केलं.

मेळावा संपतो, बॅगा भरल्या जातात, सोमवार उजाडतो. तिथून आणलेली नावाची पाटी आणि पिशवी महिनाभरात कुठे जाते कळतही नाही. राहते ती थांबायची सवय. ती लावून घ्यायला मेळाव्यालाच जायला हवं असंही नाही. रोजच्या दिवसात तिला जागाच जागा आहे. सोसायटीचा पहारेकरी बिहारचा असतो, मराठीत काहीतरी सांगू पाहतो, आणि आपण "बरं बरं, कळलं" म्हणून लिफ्टकडे वळतो. ऑफिसात नवी आलेली मुलगी मीटिंगमध्ये चाचरते आणि तिचं म्हणणं दुसरंच कुणी मांडून टाकतं. घरात मूल शाळेतली गोष्ट सांगत असतं, "मग ना, मग ना" करत, आणि आपण निम्म्यातच डबा हातात देतो. वडील तीच जुनी हकीकत पुन्हा सांगू लागले, की शेवट आपणच सांगून मोकळे होतो. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. घाई असते, आणि समोरच्याला काय म्हणायचं आहे ते आपल्याला ठाऊक आहे अशी खात्री असते. पण माणसाच्या मनातलं खरं बोलणं पुष्कळदा वाक्याच्या शेवटाला असतं. तिथवर पोहोचायला त्याला थोडी सवड लागते. परक्या भाषेत बोलणाऱ्याला जरा जास्त लागते, लाजऱ्याला जास्त लागते, म्हाताऱ्या माणसालाही जास्त लागते. ती सवड देणं आपल्याला सहज जमण्यासारखं आहे. आज एवढंच करून पाहू या. दिवसभरात कुणी तरी बोलताना अडेलच. तेव्हा शब्द पुरवायचा नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, मान डोलवून आटोपतं घ्यायचं नाही. त्याच्याकडे बघत एक श्वास घ्यायचा आणि थांबायचं. त्याचं झालं असं वाटलं, तरी आणखी एक श्वास थांबायचं. मग विचारायचं, "आणखी काही सांगायचं होतं का?" यात आपलं फार तर अर्धं मिनिट जाईल. समोरच्याला मात्र कुणीतरी आपलं सगळं ऐकून घेतलं, हे समाधान मिळेल. अशी चार माणसं ज्या घरात, ज्या ऑफिसात, ज्या मंडळीत असतील, तिथे परक्या माणसाला परकं वाटत नाही. आजच्या दिवसात त्या चौघांतलं एक आपण होऊ या.