ध्वनिमुद्रित अभिप्राय आणि श्रवणाचा प्रश्न

विद्यार्थ्याचा निबंध किंवा प्रबंधाचे प्रकरण संगणकाच्या पडद्यावर उघडून, एकेका परिच्छेदाकडे निर्देश करत शिक्षकाने केलेले विवेचन ध्वनिफितीच्या वा चित्रफितीच्या रूपाने त्याला पाठवण्याची पद्धत दूरशिक्षणात, आणि आता नेहमीच्या महाविद्यालयांतही, रुळू लागली आहे. असा अभिप्राय बोलणे मानावा की लेखन, हा प्रश्न तिच्यामुळे उभा राहतो.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनावर आक्षेप घेतो की, लिखित शब्दाला काही विचारले तरी तो तेच ते सांगतो आणि आपण कोणाशी बोलत आहोत हे त्याला उमगत नाही. ध्वनिफितीला हा आक्षेप अधिकच लागू पडतो, कारण आवाजातील आपुलकीमुळे समोर कोणी असल्याचा भास होतो. तरीही तिला नुसते ऐकू येणारे लेखन म्हणणे घाईचे ठरेल. न्यायपरंपरेत वाक्यार्थ कळण्यासाठी ‘तात्पर्य’, म्हणजे वक्त्याला अभिप्रेत असलेला अर्थ, विचारात घेतले जाते. समासात लिहिलेले ‘पुरावा?’ हे पद संशय, उपहास किंवा साधी पृच्छा यांपैकी काहीही असू शकते, पण तेच उच्चारले गेले की त्यातील तात्पर्य स्वरावरून बहुधा उलगडते.

या प्रश्नाचा अधिक सूक्ष्म विचार गीतेच्या श्रोत्यांवरून करता येतो. अर्जुन शंका काढतो, आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस कृष्ण त्याला, हे एकाग्रतेने ऐकलेस का, मोह गेला का, असे विचारून घेतो. ही विचारपूस फितीला साधणारी नाही. संजयाला व्यासकृपेने संवाद ऐकू येतो, मात्र त्यात एक शब्दही घालता येत नाही. तो केवळ पुन्हा पुन्हा आठवू शकतो, आणि त्या आवर्तनातच हर्षित होतो. वेदान्तात श्रवणानंतर ‘मनन’, म्हणजे ऐकलेल्याचा युक्तीने केलेला विचार, सांगितले आहे. हवी तेथे थांबवता व मागे नेता येणारी फीत त्याला उपकारक ठरते, आणि प्रत्यक्ष भेटीत खजील झालेल्या विद्यार्थ्याला ही सवड क्वचितच मिळते.

तिसरा श्रोता धृतराष्ट्र. गीतेत त्याचा प्रश्न एकच, तोही पहिल्या श्लोकात. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात त्याला पुरातून न उठणाऱ्या रेड्याची उपमा दिली आहे, आणि अठराव्या अध्यायातही त्याचे लक्ष जय कोणाचा होणार एवढ्यावरच खिळलेले दिसते. माध्यम संजयासारखे निर्दोष असूनही श्रवण निष्फळ होऊ शकते ते असे. गुण आणि फीत एकाच वेळी हाती पडली की विद्यार्थ्यालाही निकालापलीकडचे ऐकण्याची गरज वाटेनाशी होते. म्हणून गुण फितीबरोबर कळवावेत की तिला विद्यार्थ्याने उत्तर पाठवल्यानंतर, हा प्रश्न दिसतो तितका कार्यालयीन नाही. अर्जुनाच्या शंकेला या व्यवहारात जागा उरते ती त्या उत्तरातच.