भयग्रस्ताची दृष्टि

अपघात घडून गेल्यावर लोकांच्या तोंडून पहिलें वाक्य बहुधा हेंच निघतें: ‘त्याला दिसलें नाहीं काय?’ वाक्याचें रूप प्रश्नाचें असलें तरी निकाल त्यांत अगोदरच दिलेला असतो. डोळे धड होते, उजेड होता, वस्तु समोर होती; तेव्हां ‘दिसली नाहीं’ म्हणणारा एक तर बेपर्वा असला पाहिजे, नाहीं तर खोटें बोलत असला पाहिजे. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. परंतु दिसणें ही केवळ डोळ्यांची क्रिया आहे, हें त्यांतलें गृहीतच तपासून पाहावयास हवें.

पुणें-सातारा महामार्ग सोडून नसरापूरकडे वळणाऱ्या रस्त्यावरचा एक प्रसंग कल्पावा. बनेश्वराच्या दर्शनास निघालेली मंडळी, दूधवाले, शाळकरी मुलें आणि भरधाव वाहनें यांची तेथें नित्य गांठ पडते. एक मालमोटार एकाएकीं एका लहान मोटारीच्या अंगावर येते. मोटार हांकणारा झटकन वळण घेऊन बचावतो. पण कडेनें चाललेल्या सायकलस्वारास त्याचा धक्का बसतो. ‘सायकल मला दिसलीच नाहीं,’ असें तो शपथेवर सांगतो. जमलेल्यांपैकीं किती जण त्याच्यावर विश्वास ठेवतील?

मानसशास्त्र त्याचें म्हणणें सहजासहजीं फेटाळीत नाहीं. संकट उभें राहतांच रक्तांत ॲड्रिनलीन वाढतें, काळीज धडधडूं लागतें, आणि ज्या वस्तूपासून भय आहे तिच्यावर अवधान खिळतें. मनाचा क्षोभ वाढत जातो तसतसा मनुष्यास उपयोगांत आणतां येणाऱ्या खुणांचा परीघ आकुंचित होतो, असा सिद्धान्त ईस्टरब्रुक यांनीं १९५९ सालीं मांडला. प्रथम गौण खुणा गळतात. क्षोभ फारच वाढला तर आवश्यक खुणाही निसटतात. १९८७ सालीं एलिझाबेथ लॉफ्टस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या प्रयोगांत, चित्रांतील माणसाच्या हातीं पिस्तूल असतां पाहणारांची नजर त्या पिस्तुलावरच अधिक रेंगाळली, आणि तें धरणारा मनुष्य त्यांना तितकासा नीट ओळखतां आला नाहीं. हा परिणाम सर्वांवर सारखाच होतो असें नव्हे. क्षोभाची मात्रा, कामाचें स्वरूप व संवय यांप्रमाणें तो बदलतो. तथापि डोळ्यांपुढें असलेली वस्तु मनापुढें नसूं शकते, एवढें खास.

केवळ पक्ष्याचा डोळा दिसणाऱ्या अर्जुनाची आपण बाळपणापासून वाखाणणी करीत आलों आहों. झाड व फांदी त्यास दिसेनाशी झाली, याला आपण एकाग्रता म्हणतों. भयग्रस्ताचेंही दृष्टिक्षेत्र तसेंच संकोचतें. भेद इतकाच कीं, अर्जुनानें तो संकोच अभ्यासानें साधला होता आणि भयग्रस्तावर तो लादला जातो. एकाची ती साधना, दुसऱ्याची ती पराधीनता. जेथें मनुष्याची सत्ताच चालत नाहीं, तेथें त्यास दोषी धरणें नीतीस धरून होणार नाहीं.

मग भय ही प्रत्येक अपराधाची ढाल ठरेल काय? मुळींच नाहीं. भयाचा क्षण पराधीन असला तरी त्याच्या अलीकडचा काळ पराधीन नसतो. वस्तीजवळ वेग किती ठेवावा, हें शांत चित्तानें ठरवितां येत होतें. भय ओसरल्यावर जखमी माणसाजवळ थांबावें कीं पळ काढावा, हेंही त्याच्याच हातीं होतें. ‘मला सायकल दिसली नाहीं’ हें विधान सत्य असूं शकेल. ‘तेथें सायकल नव्हतीच’ असें म्हणतांच तो सत्याची मर्यादा ओलांडतो. हीच कसोटी साक्षीदारासही लागू आहे. आपलें न पाहणें आणि वस्तूचें नसणें यांतील अंतर राखणें, हा भयाच्या प्रसंगांतून बाहेर पडलेल्या माणसाचा पहिला धर्म होय.

निवाडा करणाऱ्या आपणांवरही एक बंधन आहे. आपण घटनेनंतर, सुरक्षित जागीं उभे राहून, तिचें संपूर्ण चित्र पाहतों आणि तेंच चित्र त्या माणसापुढें होतें असें धरून चालतों. त्याच्या क्षणाचा विचार त्याच्या दृष्टीनें करणें म्हणजे त्यास माफी देणें नव्हे. योग्य ठिकाणीं दोष ठेवणें होय.

एवढें झाल्यावरही तो सायकलस्वार उरतोच. मोटार हांकणारा निर्दोष ठरला म्हणून याची जखम लहान होत नाहीं. दोषमुक्त होणें आणि ऋणमुक्त होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जो भयांत दिसला नाहीं, त्याच्याकडे भय सरल्यावर तरी पाहिलेंच पाहिजे.